रीफ टँकच्या नोंदी : नवसागर, व्हिनेगर आणि लाल चादर

२ जून २०२४, रविवार

रीफ टँक, म्हणजे प्रवाळांसाठी खाऱ्या पाण्याची टाकी, भरला. तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच, खाली सम्प, म्हणजे पाणी गाळून परत वर पाठवणारी दुसरी टाकी. दगड आणि वाळूची जागा वजा जाता पाणी १९० लिटर धरलं आहे, पुढचे सगळे हिशेब याच आकड्यावर. मीठ सात किलोच्या थोडं वर लागलं. सॅलिनिटी, म्हणजे खारेपणा, ३५.

स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणी चाललं नाही. विरघळलेले क्षार मोजणाऱ्या मीटरवर नळाचं पाणी ९२ आणि आरओचं ३८ दाखवत होतं, कारण या मशीनमध्ये चवीसाठी थोडं कच्चं पाणी परत मिसळतात. वेगळी मेम्ब्रेन आणि तिच्या पुढे उरलेले क्षार धरून ठेवणारं डीआय रेझिन लावलं तेव्हा आकडा शून्यावर आला. आठवडाभर बादल्या भरत होते.

दगड सिरॅमिकचा, कोरडा, ११ किलो. समुद्रातून उचललेला ‘जिवंत खडक’ घेतला असता तर त्याच्यासोबत जिवाणूंचं अख्खं गाव आयतं आलं असतं. पण ते नको होतं. २००१ पासून आपल्याकडे सगळे कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ आणि समुद्रपंखे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत. मालवणला पाण्याखाली तोंड घालून जे पाहिलं ते तिथेच राहावं असं मला मनापासून वाटतं. म्हणून या टँकमध्ये फक्त मऊ प्रवाळ येतील, तेही दुसऱ्यांच्या टँकमध्ये वाढवून तोडलेले तुकडे.

कोरड्या दगडावर सुरुवातीला काहीच जिवंत नसतं. सगळी वस्ती मलाच बसवायची आहे, आणि ती डोळ्यांना दिसणार नाही. म्हणून ही वही.

५ जून

नवसागर टाकला, जिवाणूंना अन्न म्हणून. त्यातल्या अमोनियाचं काही जिवाणू नायट्राइट करतात आणि दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट. लहानपणी वाड्यात कल्हईवाला यायचा, तापलेल्या पातेल्यात पूड टाकली की पांढरा धूर उठायचा, तोच हा पदार्थ. अमोनियम क्लोराइड. मी वापरला तो प्रयोगशाळेच्या शुद्धतेचा, बाजारातल्या खड्यात काय काय असेल सांगता येत नाही. सोनाराच्या काट्यासारख्या छोट्या वजनकाट्यावर १.२ ग्रॅम मोजला. १९० लिटरला तेवढ्याने अमोनिया २ मिलिग्रॅम प्रतिलिटर होतो. पाणी तपासायच्या किटवरही २ च दिसला.

सोबत बाटलीतले जिवाणू ओतले. स्किमर, म्हणजे फेस करून पाण्यातली घाण काढणारं यंत्र, बंद ठेवला, नाहीतर तो त्यांना फेसाबरोबर बाहेर काढेल. हीटर २७ वर, पाणी हलतं ठेवणारा वेव्हमेकर चालू, दिवा बंद. अंधारात या जिवाणूंचं काही अडत नाही. त्यांना लागतो ऑक्सिजन, पाण्यातला कार्बन डायऑक्साइड आणि अमोनिया. १८९० च्या सुमारास सर्गेई विनोग्राडस्कीने हे दाखवलं की सूर्यप्रकाश नाही, सेंद्रिय अन्न नाही, नुसत्या अमोनियाच्या ज्वलनावर जगणारे जीव असतात. दगडाकडे बघताना ते सारखं आठवतं.

१४ जून

नऊ दिवस अमोनिया हलला नव्हता. आज १ आणि नायट्राइट पहिल्यांदा जांभळं. आईला नळी दाखवायला नेली. तिने विचारलं, “म्हणजे लागलं का?” हो, लागलं.

३० जून

नवसागराचा चौथा डोस काल सकाळी टाकला होता, आज सकाळी अमोनिया शून्य. २ मिलिग्रॅम २४ तासांत फस्त. नायट्राइट मात्र किटवर मोजता येईल त्याच्याही वर आहे.

गोड्या पाण्यात इतक्या नायट्राइटने मासे मेले असते. समुद्राच्या पाण्यात क्लोराइड इतकं असतं की कल्ल्यांमधून नायट्राइटला आत शिरायला वाटच मिळत नाही, त्यामुळे धोका बराच कमी होतो. तरी घाई नको. शिवाय नायट्राइट जास्त असताना नायट्रेटचं किट फुगवून आकडा दाखवतं, म्हणून नायट्रेट आज मोजलंच नाही.

अल्कलिनिटी, म्हणजे पाण्याची आम्ल झेलायची ताकद, ८.९ वरून ७.८ झाली. प्रवाळ एकही नाही, मग खाल्ली कोणी? याच जिवाणूंनी. अमोनियाचं नायट्राइट होताना आम्ल सुटतं आणि ते बफर संपवतं. खाण्याच्या सोड्याने वर आणली.

१४ जुलै, रविवार

नायट्राइट शून्य. काचेवर तपकिरी धूळ आली, डायटम नावाचं एकपेशीय शैवाल, नव्या टँकमध्ये येतंच. पुसली.

हॅचरीत वाढलेले दोन क्लाऊनफिश आणले. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने आपल्याकडे यांची पैदास कधीच जमवली आहे. जंगली मासा आणण्याचं काही कारण नाही.

एक गोष्ट इथे लिहून ठेवते, कारण ती मला फार आवडते. समुद्रात अमोनिया खाण्याचं काम फक्त जिवाणू करतात असं बरीच वर्षं मानलं जायचं. २००५ मध्ये हे काम करणारा एक आर्किया, म्हणजे जिवाणूंसारखाच दिसणारा पण वेगळ्या कुळातला सूक्ष्मजीव, वेगळा करून वाढवल्याचं प्रसिद्ध झालं. नायट्रोसोप्युमिलस मॅरिटिमस. तो सापडला सिअ‍ॅटलच्या मत्स्यालयातल्या एका उष्णकटिबंधीय टँकच्या खडीत. असेच जीव जगभरच्या समुद्रांत प्रचंड संख्येने आहेत, आणि ते अमोनियावर जगू शकतात हे माशांच्या टाकीने दाखवून दिलं.

२१ जुलै

कोथरूडचे एक काका बरीच वर्षं रीफ टँक ठेवतात. त्यांनी त्यांच्या सम्पमधल्या सिरॅमिकच्या चार कांड्या दिल्या, स्टीलच्या डब्यात, त्यांच्याच टँकच्या पाण्यात बुडवून. मी म्हटलं, “काका, माझी अमोनिया ते नायट्रेटची सायकल पूर्ण झालीये, आता याची गरज आहे का?” ते म्हणाले, “अगं, अमोनिया खाणारे आले म्हणजे सगळे आले का? दूध कितीही चांगलं असू दे, विरजण बाहेरून आणावं लागतं.”

कांड्यांवर बारीक किडे, गुलाबी चट्टे आणि एक पांढरा, चिकट थर होता. बोट लावलं तर ओल्या शेवाळासारखं बुळबुळीत. अंधाऱ्या कप्प्यात ठेवल्या.

२८ जुलै

पहिले मऊ प्रवाळ आले, झोआन्थिडचे दोन तुकडे, मशरूम नावाच्या प्रवाळाचे तीन. झोआन्थिड हाताळताना हातमोजे आणि चष्मा घातलाच पाहिजे. काही जातींत पॅलिटॉक्सिन असतं आणि ते भयंकर विष आहे. खरवडणं, गरम पाणी ओतणं, यातलं काहीही घरात करायचं नाही.

४ ऑगस्ट, रविवार

नायट्रेट २५. फॉस्फेट ०.०६. नायट्रेट कुठून आलं ते उघड आहे. २ मिलिग्रॅम अमोनियाचं सव्वासात मिलिग्रॅम नायट्रेट होतं, चार डोसांचा हिशेब २९ ला लागतो. ते कुठे गेलंच नाही. नायट्रेट मोडून नायट्रोजन वायू करणारे जिवाणू दगडाच्या आतल्या, ऑक्सिजन नसलेल्या भोकांत बसतात. त्यांना महिनोन्‌महिने लागतात.

२० टक्के पाणी दोनदा बदललं असतं तर काम झालं असतं. पण मीठ महाग, बादल्या जड. मी व्हिनेगर निवडलं. साधं पांढरं, ५ टक्क्यांचं, रोज २ मिली. तत्त्व सोपं आहे. पाण्यात नायट्रेट आणि फॉस्फेट भरपूर, पण सेंद्रिय कार्बन थोडा. कार्बन दिला की परपोषी, म्हणजे तयार सेंद्रिय अन्नावर जगणारे, जिवाणू वाढतात, वाढताना नायट्रेट-फॉस्फेट अंगात घेतात, आणि स्किमर त्यांना फेसासकट उचलतो.

१८ ऑगस्ट

डोस ६ मिलीपर्यंत नेला. नायट्रेट १८. स्किमरचा कप भरतोय, काळपट चहासारखा. आजपासून १२ मिली.

२२ ऑगस्ट, गुरुवार

सकाळी टँक दुधाळ दिसला. मागची काच दिसत नव्हती. रात्रीतून जिवाणू पाण्यात मोकळे फुटले होते. नायट्रीकरण करणाऱ्यांना दुप्पट व्हायला अर्धा-एक दिवस लागतो. व्हिनेगर खाणाऱ्यांना तेच काम काही तासांत जमतं, काहींना त्याहूनही लवकर. डोस एकदम दुप्पट केला ही माझी चूक.

साडेअकराला लाईट गेली. स्किमर बंद, वेव्हमेकर बंद, रिटर्न पंप बंद. पाणी स्थिर झालं आणि त्यात कोट्यवधी जिवाणू श्वास घेत होते. समुद्राच्या पाण्यात २७ अंशांना लिटरमागे साडेसहा मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन मावतो, तेवढाच. पाऊण तासात दोन्ही मासे पृष्ठभागाला तोंड लावून होते, कल्ले जोरात चालत होते. झोआन्थिड मिटून गेले.

तांब्या घेतला आणि टँकमधलंच पाणी हातभर उंचावरून परत ओतायला लागले, चहा गार करतात तसं. दर वेळी पाण्यात बुडबुडे खोल जायचे आणि मासे त्या जागी यायचे. वीस मिनिटांनी खांदा भरून आला. आई म्हणाली, “सरक, मी ओतते, तू जरा बस.” मग आळीपाळीने. तिची धार माझ्यापेक्षा सरळ आणि सावकाश होती, वाळू उडत नव्हती. अडीचला लाईट आली.

दोन्ही मासे जिवंत आहेत. व्हिनेगर बंद. स्किमरची हवा पूर्ण उघडली.

संध्याकाळी बॅटरीवर चालणारा एअर पंप आणला. तो पहिल्या दिवशीच आणायला हवा होता. रीफ टँकमध्ये जिवाणूंचं काहीही करायला जाल तर आधी हवेची सोय करा. ज्यांच्याकडे टँक आहे त्या प्रत्येकाला मी हे सांगणार आहे.

१ सप्टेंबर

पाणी २५ ऑगस्टलाच काचेसारखं झालं होतं. त्यानंतर व्हिनेगर ४ मिलीवर परत सुरू केलं. आज नायट्रेट शून्य. किटमध्ये रंगच आला नाही, दोनदा केलं. फॉस्फेट ०.१२.

आकडा शून्य दिसला की बरं वाटतं. आज मलाही वाटलं. वाळूवर उजव्या कोपऱ्यात तळहाताएवढा तांबडा डाग आहे, पुसून काढला.

६ सप्टेंबर

गणपतीला गावी निघतोय. व्हिनेगर बंद केलं. गोळ्यांच्या सात कप्प्यांच्या डबीत एकेक दिवसाचं खाणं भरून शेजारच्या काकूंकडे दिलं.

१३ सप्टेंबर

वाळू दिसतच नाही. सगळीकडे एक चादर आहे, कुंकवात थोडी हळद कालवावी तशा रंगाची. जवळून पाहिलं. चादरीला बारीक सुरकुत्या आहेत आणि प्रत्येक सुरकुतीखाली मोहरीएवढे बुडबुडे अडकलेत. दुपारी दिवे पूर्ण पेटले की बुडबुडे चादर उचलतात, एखादा तुकडा सुटून वर तरंगतो. चिमट्याने कडेला धरलं तर साय निघावी तशी अखंड निघाली. खालची वाळू स्वच्छ पांढरी. हातातल्या तुकड्याला ओल्या मातीचा, किंचित कुजका वास.

काकू म्हणाल्या, “अगं, मी गेले की काचेपाशी धावत यायचे गं दोघं. उपाशी वाटले मला. रोज दोन-दोन कप्पे दिले, मग मधे संपलं तर थोडं डब्यातलं घातलं.” त्यांच्यावर रागवायचं काही कारण नाही. डाग त्याआधीच आला होता आणि तो मी पाहिला होता.

१५ सप्टेंबर, रविवार

हे सायनो, म्हणजे सायनोबॅक्टेरिया, आहे की डायनो हे आधी ठरवायला हवं. डायनोफ्लॅजेलेट म्हणजे जिवाणू नव्हेत आणि त्यांचा उपाय वेगळा. घरगुती चाचणी केली. तुकडा बरणीत टँकच्या पाण्यात घेऊन जोरात हलवला, टिश्यूमधून गाळला, गाळलेलं पाणी तासभर उजेडात ठेवलं. डायनो असते तर त्यात पुन्हा शेंबडासारखे धागे जमले असते. जमले नाहीत.

तरी ताईच्या कॉलेजातल्या लॅबमध्ये नेलं. ती जीवशास्त्र शिकवते. चारशे पटीवर धागे दिसले, नाण्यांची चळत आडवी ठेवावी तशा पेशी एकीला एक लागून, आणि पूर्ण धागा हळूहळू पुढे सरकत होता. मी म्हटलं, “ताई, शाळेत आपण याला नील-हरित शैवाल म्हणायचो.” ती म्हणाली, “शैवाल कसलं, बघ ना, केंद्रकच नाहीये. जिवाणू आहे हा.” लाल रंग फायकोएरिथ्रिन या रंगद्रव्याचा.

आता मूळ मुद्दा. भाताच्या खाचरात नील-हरित शेवाळ शेतकरी मुद्दाम सोडतात, कारण त्याच्या काही जाती हवेतला नायट्रोजन धरतात आणि भाताला खत मिळतं. माझ्या टँकमध्ये मी नायट्रेट शून्यावर आणलं आणि फॉस्फेट ०.१२ वर सोडलं. ज्याला नायट्रेट लागतं त्या प्रत्येकाला उपाशी ठेवलं, आणि जो हवेतून नायट्रोजन घेऊ शकतो त्याला मोकळं शेत दिलं. अ‍ॅल्फ्रेड रेडफिल्डने समुद्रातल्या प्लवकांत कार्बन, नायट्रोजन, फॉस्फरस १०६ : १६ : १ या प्रमाणात मोजले होते. टँकला तो आकडा जसाच्या तसा लावता येत नाही, पण इतकं कळतं की एकाच घटकाला शून्य करण्यात शहाणपण नाही.

एरिथ्रोमायसिनने सायनो दोन-तीन दिवसांत जातो. मी वापरणार नाही. ते माणसांचं औषध आहे, चिठ्ठीशिवाय द्यायचं नसतं. टँकमध्ये ओतलेलं पुढे पाणी बदलताना गटारात जाणार, आणि तिथल्या जिवाणूंना त्याची सवय होणार. शिवाय एवढी चादर एकदम मेली तर तिच्या कुजण्याने पुन्हा २२ ऑगस्ट. आणि नायट्रेट शून्यच राहिलं तर महिन्याभरात चादर परत.

ठरवलं ते असं. रोज संध्याकाळी बारीक नळीने चादर ओढून काढायची, पाणी मोज्यातून गाळून परत. सोडियम नायट्रेट ०.५२ ग्रॅम, म्हणजे नायट्रेट २ मिलिग्रॅमने वाढतं, एक दिवसाआड, मोजून. वेव्हमेकरचं तोंड वाळूकडे. दिवे दहा तासांवरून सातवर. गोठवलेलं खाणं गाळणीत धुऊनच घालायचं. व्हिनेगर नाही.

२९ सप्टेंबर

पहिले आठ दिवस काहीच फरक नव्हता. सकाळी स्वच्छ, दुपारी पुन्हा तांबूस. टाकलेलं नायट्रेट दुसऱ्या दिवशी गायब व्हायचं. दहाव्या दिवशी किटवर १ टिकला. काल २. चादर आता पातळ आहे, ओढली तर तुटते, अखंड येत नाही. दगडाच्या माथ्यावर हिरव्या शेवाळाची लव दिसली. ती पाहून मला आनंद झाला. नायट्रेट खाणारे परत आलेत.

फॉस्फेट ०.०९.

२० ऑक्टोबर

दुपारी पाणी २९.५. दोन पंखे लावले, २७.५ वर येतं, पण बाष्पीभवन रोज तीन लिटर. नायट्रेट ५, आता बाहेरून घालावं लागत नाही. वाळू तीन-चार जागा सोडून पांढरी. झोआन्थिडने दोन नवी तोंडं उघडली.

विळीवर बोट कापलं आहे. जखम भरेपर्यंत टँकमध्ये उघडा हात नाही. मायकोबॅक्टेरियम मॅरिनम हा माशांच्या टाक्यांत राहणारा जिवाणू अशा जखमेतून आत जातो. शरीराच्या आतल्या तापमानाला तो नीट वाढत नाही, ३० अंशांच्या आसपास चांगला वाढतो, म्हणून हाताच्या गार कातडीतच ठाण मांडतो आणि गाठी करतो. उपचार कित्येक महिने चालतात. टँक ठेवणाऱ्याने डॉक्टरांना आपणहून सांगावं की घरी माशांची टाकी आहे.

१७ नोव्हेंबर

मागच्या काचेशी वाळू प्रवाहाने साठून सहा-सात सेंटिमीटर झाली आहे, तिथे काळा पट्टा. वरच्या इंचातली वाळू ओढून काढली, बादलीत सडक्या अंड्याचा हलका वास. समुद्राच्या पाण्यात सल्फेट लिटरमागे पावणेतीन ग्रॅमच्या आसपास असतं. ऑक्सिजन आणि नायट्रेट दोन्ही संपले की काही जिवाणू त्या सल्फेटवर श्वास घेतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. ते विषारी आहे, एकदम उपसलं तर माशांच्या जिवावर बेतेल. दर रविवारी एक इंच, तेवढंच.

१२ जानेवारी २०२५, रविवार

तापमान २५.५. सॅलिनिटी ३५. अल्कलिनिटी ८.२. नायट्रेट ६. फॉस्फेट ०.०५. अमोनिया आता मोजतच नाही.

काळा पट्टा गेला. झोआन्थिड २३ तोंडं, सुरुवातीला ९ होती. मशरूमचा एक तुकडा स्वतःहून सरकत दगडाच्या खाचेत गेला आणि तिथे दोन झाले. पाण्याची पातळी थोडी कमी झाली की काचेवर हाताला बुळबुळीत थर लागतो. जुलैत काकांच्या कांड्यांवर लागला होता तसाच.

ओव्हरफ्लोच्या, म्हणजे पाणी सम्पमध्ये सांडतं त्या कप्प्याच्या मागे, जिथे प्रवाह पोचत नाही, तिथे रुपयाएवढा लाल ठिपका आहे. नोव्हेंबरपासून तेवढाच आहे. नळी हातात होती, तो भाग तसाच ठेवला. पुढच्या रविवारी त्याचा व्यास पट्टीने मोजायचा, आणि दर आठवड्याला नायट्रेटच्या रकान्याशेजारी लिहायचा.